साथीच्या काळातील बालविवाह: पेठ तालुक्यातून आलेल्या एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

पेठ तालुक्यातील एका महिला ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत त्यांच्या गावातील आणि आसपासच्या पाड्यांवरील आठवी-नववीतल्या काही मुलींची लग्ने झाली. एका लग्नाची खबर आदल्या दिवशी कळवूनही कोणी वेळेत पोहोचू शकले नाही, आणि बाकीची तर होऊन गेल्यावरच समजली. पुन्हा अशी साथ आली, शाळा आणि रस्ते बंद झाले, तर फोन करण्यापलीकडे गावाने काय करावे, आणि ज्यांची लग्ने होऊन गेली त्या मुलींसाठी आता काही मार्ग उरला आहे का, असे त्या विचारतात.

ताई, मी नाशिक जिल्ह्यात बालसंरक्षणाच्या कामात बरीच वर्षे आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे डोंगरी तालुके आणि दिंडोरी-निफाडचा द्राक्षपट्टा हा माझ्या कामाचा भाग, त्यामुळे उत्तरही त्याच भागाला धरून देते. मालेगावच्या यंत्रमाग वस्तीत किंवा नाशिक शहरातल्या झोपडपट्टीत यातील काही गोष्टी वेगळ्या ठरतील.

प्रश्न आधी थोडा वेगळ्या तऱ्हेने मांडते. लग्न कसे थांबवायचे, असे तुम्ही विचारले आहे. एरवी बालविवाहाची कुणकुण आपल्याला लागते ती कशाने? वर्गात मुलीची जागा चार दिवस रिकामी दिसते आणि बाई चौकशी करतात. पत्रिका छापली जाते, मंडपवाल्याला आणि वाजंत्र्याला सांगावे जाते, बाजारात कापड खरेदी होते, पाहुण्यांना आमंत्रणे जातात. लग्न ही गाजावाजाची गोष्ट असल्यामुळेच ते आपल्या कानावर येते. टाळेबंदीत या सगळ्या खुणा एकदम पुसल्या गेल्या. एप्रिल २०२१ मध्ये तर राज्यात लग्नाला २५ माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी होती. घरच्या ओट्यावर सकाळी हळद आणि दुपारी पाठवणी असे लग्न झाले, तर शेजारच्या पाड्यालाही पत्ता लागत नाही. म्हणून साथीच्या काळातला खरा प्रश्न असा आहे की शाळा बंद असताना त्या मुलीकडे दर आठवड्याला कोण पाहते. याचे उत्तर गावाकडे नसेल, तर मदतवाहिनी कितीही तत्पर असली तरी तिच्यापर्यंत खबर लग्नाच्या आदल्या दिवशीच जाईल, आणि डोंगरातल्या रस्त्यांवर एका दिवसात पोहोचणे कोणालाही कठीण आहे.

आकड्यांविषयी एक सावधगिरी सांगते, कारण गावसभेत कोणीतरी नक्की म्हणेल की बालविवाह तर कमी होत चालले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातल्या २६.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. पाचव्या फेरीत ते प्रमाण २१.९ टक्के आले. ही घट खरी आहे. मात्र पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातील काम २०१९ मध्येच आटोपले होते, म्हणजे त्या आकड्याने टाळेबंदी पाहिलेलीच नाही. शिवाय ही मोजणी वीस वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रियांची असते. २०२० मध्ये पंधराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी त्या मोजणीत २०२५ च्या आधी येऊच शकत नाही. युनिसेफने मार्च २०२१ मध्ये अंदाज मांडला होता की या महासाथीमुळे २०३० पर्यंत जगात आणखी एक कोटी मुली बालविवाहाच्या तोंडाशी येतील. आपल्या राज्यापुरते बोलायचे तर २०२२ मध्ये राज्य सरकारनेच मुंबई उच्च न्यायालयात सांगितले की १६ आदिवासीबहुल जिल्ह्यांत तीन वर्षांत १५ हजारांहून अधिक बालविवाह आढळले. तेव्हा तुमच्या गावात जे घडले ते एखाद-दुसऱ्या घराचे वेडेपण होते, असे कोणी म्हटले तर मान्य करू नका.

आता घरातला हिशेब पाहू, कारण तो समजला नाही तर आपण त्या घराशी बोलूच शकत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. माल बागेत अडकला, निर्यात खोळंबली, आणि पेठ-सुरगाण्याहून गेलेल्या मजूर जोड्या हातात अर्धीमुर्धी मजुरी घेऊन, कित्येक जण पायी, पाड्यांवर परतल्या. त्याच सुमारास आश्रमशाळा बंद होऊन मुली घरी आल्या. आश्रमशाळेत मुलीचे राहणे आणि दोन वेळचे जेवण शासनाकडे असते. ती घरी आली की घरात एक ताट वाढते आणि एक काळजीही वाढते. आईबाप कामाला गेल्यावर वयात आलेली मुलगी दिवसभर कोणाच्या भरवशावर ठेवायची? बागेत बरोबर न्यावे, तर तिथे पत्र्याच्या शेडमध्ये चार कुटुंबे एकत्र राहतात. त्यात साथीची भीती होती. आपल्याला काही झाले तर पोरीचे काय, हा विचार मी इतक्या घरांत ऐकला आहे की त्याला अडाणीपणा म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

खर्चाचे गणित मात्र सगळीकडे सारखे नाही. निफाड, येवला, चांदवड या बाजूच्या शेतकरी घरांत हुंडा आणि मानपान असल्याने २५ माणसांत लग्न उरकणे म्हणजे लाखाच्या घरातली बचत होती, आणि थोरलीच्या मांडवात धाकटीलाही उभे केले, तर दोन लग्नांचा खर्च एकात भागत होता. आदिवासी पाड्यांवर वराकडून मुलीच्या घराला देज, म्हणजे वधूमूल्य, देण्याची रीत असल्यामुळे हुंड्याविरुद्धचे भाषण तिथे कोणालाच लागू पडत नाही. तिथे भीती असते ती मुलीच्या सुरक्षिततेची, तिने कोणाबरोबर निघून जाण्याची आणि स्थलांतराच्या काळात तिला सांभाळण्याची. ज्या घराला ज्याची भीती आहे, त्यावरच बोलावे लागते. शहरातून छापून आलेले एकच भित्तिपत्रक दोन्हीकडे चिकटवण्याने फारसे काही साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

परिस्थितीवर अवलंबून असणारी आणखी एक मोठी गोष्ट आहे. काही लग्ने आईबाप ठरवतात, तर काही वेळा सोळा-सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आपणहून एकत्र राहू लागतात आणि घरचे नंतर लग्न लावून देतात. टाळेबंदीत दुसऱ्या प्रकारची उदाहरणेही बरीच होती, कारण वसतिगृहे आणि कारखाने बंद होऊन तरुण मुले-मुली एकाच वेळी पाड्यावर होती. कायद्याच्या नजरेत दोन्हीकडे मुलगी अल्पवयीनच असते. पहिल्या प्रकारात दबाव पालकांवर आणावा लागतो. दुसऱ्या प्रकारात पोलिसांची गाडी दारात उभी केली तर मुलावर पोक्सोचा, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालचा, गुन्हा दाखल होतो, मुलगी आपल्यालाच शत्रू समजते, आणि पुढच्या वेळी त्या पाड्यावर कोणी तोंड उघडत नाही. अशा वेळी मुलीशी एकांतात, विश्वासातल्या बाईने बोलणे आणि अठरा पूर्ण होईपर्यंत तिला घरी किंवा वसतिगृहात राहता येईल अशी वाट काढणे हे आधी करावे. जबरदस्ती, फसवणूक किंवा मारहाण दिसली, तर मात्र क्षणभरही थांबू नये.

आता साथ नसताना, म्हणजे आजच, काय करून ठेवायचे ते सांगते. माझ्या मते तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर इथेच आहे.

गावातील सातवी ते बारावीच्या वयाच्या सर्व मुलींची एक यादी करा. शाळा सोडलेल्या मुली तिच्यात आवर्जून घ्या. नावापुढे शाळेच्या जनरल रजिस्टरमधील जन्मतारीख, घरात कमावते कोण, आईबापांपैकी कोणी हयात नाही का, कुटुंब कोणत्या महिन्यात कोठे कामाला जाते, आणि मुकादमाचा किंवा बागायतदाराचा फोन, एवढे असावे. जन्मतारखेवर मी एवढा भर देते त्याला कारण आहे. लग्न थांबवायला गेल्यावर पहिला वाद वयावरूनच होतो. घरचे आधार कार्ड पुढे करतात, पण ते जन्मतारखेचा पुरावा मानता येत नाही; शाळेचा दाखला किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला लागतो. टाळेबंदीत शाळेला कुलूप होते, मुख्याध्यापक नाशिकला आपल्या घरी अडकले होते, आणि रजिस्टर कपाटात होते. एक कागद हाती नसल्यामुळे चालू लग्नापुढे हात बांधून उभे राहावे लागते. जनरल रजिस्टरच्या उताऱ्याची साक्षांकित प्रत दर जूनमध्ये ग्रामसेवकांकडे द्यावी, अशी विनंती शाळेला करा. ही यादी व्हॉट्सॲपच्या गटावर कधीही टाकू नका. ती अंगणवाडी सेविकेकडे आणि ग्रामसेवकांकडे, अशी दोनच ठिकाणी असावी.

दुसरे काम त्या मुलींना दर आठवड्याला भेटण्याचे निमित्त तयार ठेवणे. साथीच्या काळात गावात सगळेच बंद असते असे आपण म्हणतो, पण आरोग्याची माणसे त्याच काळात सर्वांत जास्त फिरतात. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली तेव्हा आशाताई आणि त्यांचे सहकारी राज्यभर घरोघरी गेले, प्रत्येकाचे तापमान आणि प्राणवायूची पातळी त्यांनी पाहिली. इतकी माणसे इतक्या उंबऱ्यांवर एरवी कधीच जात नाहीत. त्या नोंदीत ‘घरातली मुलगी आज घरात आहे का, ती कोणत्या इयत्तेत आहे’ एवढा एक प्रश्न असता, तर कित्येक ठरलेली लग्ने वेळेत समजली असती. पुढच्या साथीत हा प्रश्न वरून येईल याची वाट पाहू नका. तुमच्या गावाच्या पाहणीत तो तोंडी विचारला जाईल, असे ग्रामपंचायत ठरवू शकते.

याशिवाय दोन निमित्ते आधीपासून आपल्याकडे आहेत. शाळा बंद होत्या तेव्हा शालेय पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळी-कडधान्ये कोरड्या शिध्याच्या रूपात वाटली गेली. तो शिधा घ्यायला मुलीने स्वतः यावे, असा दंडक गावाने घालावा. बापाने किंवा भावाने पिशवी नेली तर दोन दिवसांत कोणीतरी घरी जाऊन यावे. दुसरे निमित्त म्हणजे किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक दिली जाणारी लोहाची निळी गोळी. ती हातात देऊन न येता समोर घ्यायला लावली, तर दर आठवड्याला प्रत्येक मुलीचे तोंड दिसते, ती दोन शब्द बोलते, आणि अंगाला हळद लागली असेल तर तीही दिसते. आरोग्याच्या कामावर हे लक्ष टांगून ठेवल्याने वेगळी माणसे किंवा वेगळा निधी लागत नाही.

इथे एक काळजी अतिशय महत्त्वाची आहे. आशाताईंना तक्रारदार करू नका. त्या त्याच पाड्यावर राहतात, त्यांनाच उद्या त्याच घरातल्या बाळंतिणीकडे जायचे असते, आणि साथीच्या काळात लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास गेला तर लसीकरणापासून सगळेच अडते. त्यांनी ‘अमुक मुलगी तीन आठवडे दिसली नाही’ एवढेच अंगणवाडी सेविकेला किंवा ग्राम बालसंरक्षण समितीला सांगावे. पुढची पावले ज्याचे कायद्याने कर्तव्य आहे त्याने उचलावीत, आणि महाराष्ट्रात ग्रामीण भागासाठी बालविवाह प्रतिबंध अधिकारी हे ग्रामसेवकच आहेत, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. शहरात ती जबाबदारी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे असते. कोरोनाच्या काळात हेच ग्रामसेवक विलगीकरण कक्ष, फवारणी आणि बाहेरून आलेल्यांच्या नोंदी यांत बुडालेले होते, म्हणून ग्रामपंचायतीने त्यांच्या मदतीला दोन सदस्यांची नावे ठरावात लिहून ठेवावीत. तुम्ही स्वतः त्यांपैकी एक व्हा.

घरावरचा आर्थिक ताण हलका करण्याचे कामही याच तयारीत येते. ज्या मुलीचे वडील किंवा आई वारली आहे, तिच्या घरी स्थळ सर्वांत आधी येते. तिच्यासाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज ताबडतोब करावा. या योजनेत २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. ‘लेक लाडकी’ योजनेत मुलीला अठराव्या वर्षी ७५ हजार रुपये मिळणार आहेत, पण ती योजना १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे, तेव्हा आज तेरा वर्षांची मुलगी असलेल्या बापाला तिचे नाव सांगून उपयोग नाही. त्याला बालसंगोपन, आश्रमशाळेतील प्रवेश आणि एसटीचा मोफत पास या तीन गोष्टी सांगा. एसटीचे महत्त्व कमी लेखू नका. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडल्या, आणि त्याच महिन्याच्या शेवटी एसटीचा संप सुरू होऊन तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. शाळा उघडली आणि गाडी नाही, अशा त्या सहा महिन्यांत आठवीपुढच्या मुली पुन्हा घरीच बसल्या. साथ ओसरल्याचे जाहीर झाले तरी मुलीवरचा धोका पुढे वर्ष-दीड वर्ष टिकतो, हे मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगते.

एवढी तयारी असूनही लग्न ठरल्याची खबर आली, तर काय करायचे ते हातात किती दिवस आहेत यावर ठरते. आठवडाभर असेल, तर ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि पोलीस पाटील यांनी वयाचा कागद घेऊन मुलीच्या घरी जावे आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मुलाच्या गावीही जावे. मुलाकडे जायचे पुष्कळ वेळा राहून जाते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक अधिनियमात अल्पवयीन मुलीशी लग्न करणारा अठरा वर्षांवरील पुरुष, लग्न लावणारा आणि ते होऊ देणारे पालक या सर्वांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे (स्त्रियांना मात्र कैदेची शिक्षा होत नाही), आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. मुलीचा बाप हे ऐकून हट्टाला पेटण्याची शक्यता असते. मुलाचा बाप मात्र बहुधा माघार घेतो, कारण त्याला दुसरे स्थळ मिळणार असते. ‘आमच्यात रूढीने चालते, आम्हाला हा कायदा नाही’ असे पाड्यावर ऐकायला मिळेल. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सहसा लागू होत नाही, हे खरे आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा मात्र सर्व नागरिकांना लागू आहे.

दोनच दिवस हातात असतील, तर १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) आणि ११२ (पोलिसांची तातडीची मदत) या दोन्ही क्रमांकांवर फोन करा, बोलणाऱ्याचे नाव आणि वेळ लिहून ठेवा, आणि त्याच वेळी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मनाई आदेशासाठी अर्ज करण्याची तयारी ठेवा. या आदेशाचा वापर आपल्याकडे फार कमी होतो, आणि मला तो या कायद्यातला सर्वांत उपयोगी भाग वाटतो. एरवी झालेला बालविवाह आपोआप रद्द होत नाही, तो रद्द करून घ्यावा लागतो. पण मनाई आदेश मोडून लावलेले लग्न मुळातच अवैध ठरते. पेठ-सुरगाण्याहून सीमा ओलांडून गुजरातेत नातेवाइकांच्या अंगणात लग्न उरकण्याचा मार्ग काही घरे घेतात, तेव्हा हाच आदेश कामी येतो. तो मागण्याचा अधिकार केवळ अधिकाऱ्यांना नाही. ज्याच्याकडे खात्रीलायक माहिती आहे अशी कोणतीही व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. टाळेबंदीतही न्यायालयांत तातडीची कामे चालू होती, म्हणून ‘कोर्ट बंद आहे’ हे कारण कोणाकडून मान्य करू नका.

लग्नाचा धोका समोर उभा असलेली मुलगी बालन्याय कायद्यानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक मानली जाते, त्यामुळे तिला बालकल्याण समितीपुढे नेता येते. तिला घरातून हलवून बालगृहात ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा, आणि साथीच्या काळात तर विशेषच, कारण तेव्हा बालगृहात नवे मूल घेण्याआधी चाचणी आणि विलगीकरण आले, आणि एकटी पडलेली मुलगी चार दिवसांत ‘मला घरी जायचे आहे, मी लग्न करते’ म्हणू लागते. त्यापेक्षा मावशी, आत्या किंवा गावातलीच एखादी शिक्षिका अशी जिच्याकडे ती आनंदाने राहील ती व्यक्ती समितीकडून योग्य व्यक्ती म्हणून मान्य करून घेता येते. अशी दोन-तीन घरे तुम्ही आधीच हेरून ठेवली, तर ऐन वेळी धावपळ होणार नाही.

लग्न थांबले की पालकांकडून हमीपत्र घेतले जाते, त्याचा फोटो निघतो आणि सगळे आपापल्या घरी जातात. माझ्या कामात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा क्षण हाच असतो. हमीपत्रावर अंगठा उठवलेल्या घरातली मुलगी महिन्याभरात मामाच्या गावी नेऊन उजवली गेल्याची उदाहरणे जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहेत. म्हणून थांबवलेल्या प्रत्येक लग्नानंतर पहिले तीन महिने दर पंधरवड्याला आणि पुढे अठरा पूर्ण होईपर्यंत दर महिन्याला त्या मुलीला प्रत्यक्ष भेटायचे, असे नाव-वार लावून ठरवा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे पंधरा दिवस, तुळशीच्या लग्नानंतरचा महिना आणि द्राक्षाचा हंगाम संपून हातात पैसे आल्यावरचे दिवस, या तीन वेळी अधिक जपा. भेटीत चौकशी लग्नाची करू नका, शाळेची करा. वर्ष बुडालेल्या मुलीला दहावी किंवा बारावीला सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसता येते. तो अर्ज भरून घेतलात, तर तिच्या घरात परीक्षेपर्यंत थांबायला एक कारण तयार होते, आणि बाप नातेवाइकांना ‘पोरगी परीक्षेला बसली आहे’ असे मान खाली न घालता सांगू शकतो.

थोडक्यात, साथीच्या आधी यादी आणि वयाचा पुरावा, साथीत दर आठवड्याची भेट, खबर आल्यावर दोन्ही घरे आणि मनाई आदेश, आणि थांबवल्यानंतर अठरा पूर्ण होईपर्यंतची सोबत, असा हा क्रम आहे.

आता ज्या मुलींची लग्ने होऊन गेली त्यांच्याविषयी. त्यांपैकी कोणी अजून अठराच्या आत असेल आणि गरोदर असेल, तर आधी तिच्या जिवाचा विचार करा. अल्पवयीन पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये स्पष्ट केले, आणि पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती मिळाल्यावर रुग्णालयाला ती कळवावीच लागते. या भीतीने घरचे तिला दवाखान्यात नेत नाहीत, किंवा नेले तर वय एकोणीस सांगतात. परिणाम असा होतो की जिला सर्वांत जास्त तपासणीची गरज आहे, ती कोवळ्या वयाची, रक्त कमी असलेली मुलगी नोंदीबाहेर राहते किंवा सामान्य गरोदर बाई म्हणून तपासली जाते. साथीत रुग्णवाहिका आणि खाटा आधीच अपुऱ्या असताना याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. घरच्यांना खोटा दिलासा देऊ नका की पोलिसांना काही कळणार नाही. त्यांना हे सांगा की उपचार कोणीही नाकारू शकत नाही, नाव उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि बालकल्याण समितीकडे आपणहून गेल्यास मुलीला सोबत करणारी सहायक व्यक्ती मिळते.

ज्या मुली आता अठरा ओलांडून गेल्या आहेत, त्यांच्यापैकी काही सासरी रुळल्या असतील, त्यांना मुले असतील, आणि त्यांना हे लग्न मोडायचे नसेल. त्यांच्यावर आपली इच्छा लादू नये. त्यांना हवे असेल तर शिक्षण, आरोग्य आणि दोन बाळंतपणांतले अंतर यांसाठी मदत करावी. पण जिला बाहेर पडायचे आहे तिच्यासाठी दार उघडे आहे. लग्नाच्या वेळी अल्पवयीन असलेल्या व्यक्तीला ते लग्न रद्द ठरवून घेण्यासाठी जिल्हा न्यायालयात, किंवा जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्या न्यायालयात, अर्ज करता येतो, आणि मुलीसाठी त्याची मुदत वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत असते. हा घटस्फोट नव्हे. छळ किंवा दुसरे कोणतेही कारण सिद्ध करावे लागत नाही, लग्नाच्या दिवशीचे वय सिद्ध करावे लागते. तिला पुनर्विवाहापर्यंत पोटगी आणि राहण्याची सोय मागता येते, आणि त्या लग्नातून झालेली मुले औरसच मानली जातात. आता ती माहेरी राहत असेल, तर अर्ज माहेरच्या जिल्ह्यात करता येतो. वकिलाचा खर्च नाही म्हणून कोणी थांबू नये; स्त्रियांना आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि तालुक्याच्या न्यायालयात त्यांच्या समितीकडे साधा अर्ज दिला तरी चालतो.

विसाव्या वाढदिवसानंतर हा मार्ग बंद होऊन घटस्फोटाचा लांबचा रस्ता उरतो. २०२१ मध्ये चौदा वर्षांची असलेली मुलगी २०२७ मध्ये वीस वर्षांची होते, आणि त्या वर्षी पंधरा-सोळाची असलेल्या मुलींची मुदत त्याहून आधी संपते. तेव्हा लग्न होऊन गेलेल्या मुलींची यादी आधी हाती घ्या, लग्न न झालेल्या मुलींची त्यानंतर केली तरी चालेल. कोरोनाच्या दोन वर्षांत लग्न झालेल्या प्रत्येक मुलीच्या नावापुढे तिची शाळेच्या रजिस्टरमधील जन्मतारीख लिहा, जिची मुदत सर्वांत आधी संपते तिच्याकडे पहिल्यांदा जा, आणि सासरच्या माणसांसमोर न विचारता ती माहेरी येईल तेव्हा विचारा.